कागद खराब निघाला

दर गुरुवारी अकराच्या एसटीने उतरतो मी
ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी.
पिशवीत तेली खडूंचे चार डबे, ब्रश,
आणि शाळेच्या स्टोअरमधून मागून आणलेले
कार्ट्रिज कागद. मोजून तीस.

लाल कार्डवाली पोरं येतात त्या दिवशी.
सिकलसेल.
रक्त देऊन, गोळ्या घेऊन झाल्या की
त्यांना माझ्याकडे पाठवतात, जुन्या एक्स-रेच्या खोलीत,
जिथे भिंतीवर अजून लिहिलेलं आहे : श्वास रोखा.

शिकवू नका सर, मॅडम म्हणाल्या होत्या, नुसतं काढू द्या.
सव्वीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो मी,
फुलदाणीची सावली चुकली की हातात रबर ठेवणारा.
नुसतं काढू देणं
मला हात मागे बांधून शिकावं लागलं.

गोवर्धन, एकोणीस वर्षांचा, दुखणं काढतो राइस मिलसारखं :
पट्टा, धूर, भुशाचा ढीग.
"रातच्या दोनले चालू होते सर. मालक दिसत नाई."
लहानगी त्रिशा गुडघे काढते. नुसते गुडघे.
एकदा सतरा मोजले.

आणि डिंपल कुमरे, नववी, आश्रमशाळेची.
खिडकीपाशी बसते, इतकी वाकून
की वेणीचं टोक कागदावर लोळतं.
तास संपला की कागद परत करते. कोरा.
"काहीच नाही काढलं?"
"काढलं नं."
मी वहीत लिहिलं : सहभाग नाही.

कागद तीसच. वाया कसे घालवायचे?
तिचा पहिला मी आदेश गुरनुलेला दिला.
त्याने वाघ काढला, त्यांच्या बोडीवर पाण्याला येतो तो.
जलरंग अंगावर बसेना.
पट्ट्यांच्या मधून भलत्याच रेषा उघड्या राहिल्या.
आदेश रडवेला झाला. मी म्हणालो,
कागद खराब निघाला रे, हल्ली माल असाच येतो.
दुसऱ्यावर हजेरी लिहिली. पेन घसरत होतं.
तिसऱ्यात नंदाबाईंनी भाजलेल्या शेंगा बांधून नेल्या.

चौथ्या गुरुवारी उराडे सिस्टर
ट्रे घेऊन धावताना दारात अडखळल्या.
बीटाडिनची बाटली आडवी, डिंपलच्या कागदावर.
मी कागद उचलला, निथळायला उभा धरला,
आणि तपकिरी पाण्यातून
पांढऱ्या रेषा वर आल्या,
बोडी आटल्यावर तळातल्या पायवाटा दिसतात तशा.

लांबच लांब खोली. सोळा लोखंडी खाटा.
पंधरांवर पोरी झोपलेल्या, कुणाचा हात खाली लोंबता.
सोळावी रिकामी.
आणि उंबऱ्यावर कुणीतरी,
गुडघे पोटाशी आवळून,
तोंडात ओढणीचा बोळा.
ओढणीची एकेक चुणी काढलेली.

"पांढऱ्यानेच का?"
विचारायचं नव्हतं. विचारलं.
"तिथं आवाज केला का पोरी उठतात सर."
मग, थोडं थांबून,
"बाकीचे तीन कोठी आहेत?"

वाघ भिंतीवरच होता.
ती जवळ जाऊन उभी राहिली.
त्याच्या पोटात एक बादली होती, शेपटीखाली नळ,
आणि जबड्यापाशी, आत्ता दिसला मला, एक पाय.
आदेश मागून म्हणाला, खोडू का?
तिने बोटाने वाघाचा कान चाचपला.
"राहू दे. रातच्यानं तेवढीच सोबत."

हजेरीच्या कागदावरून मी बीटाडिनचा बोळा फिरवला,
सगळ्यांची नावं भिजू देत.
शेंगांच्या कागदाचं नंदाबाईंना विचारलं.
"थो? चुलीत गेला कवाचाच."

हे डिंपलला सांगितलेलं नाही अजून.
डब्यातला पांढरा खडू आता सगळ्यांत आधी संपतो,
सुटे घ्यावे लागतात, तालुक्याहून.
आणि ती दर गुरुवारी, कागद हातात देताना,
तो उजेडाकडे तिरपा धरायला लावते मला,
आणि विचारते,
सापडला का?